परकी बाई

माणूस जन्मापासून मरेपर्यंत कसा वाढतो, हे मी चार वेळा टाईप केलं आहे. चारही वेळा वेगळं.

पहिल्यांदा केलं ते आमच्या जुन्या सरांसाठी. त्यांच्या मते मूल म्हणजे कोरी पाटी. शाबासकी द्या, नाहीतर डोळे वटारा, हवं तसं घडवता येतं. दुसऱ्यांदा मॅडमसाठी. मूल पहिल्या वर्षात एका माणसाला घट्ट धरतं आणि ती पकड सुटली, तर जन्मभर काहीतरी चाचपडत राहतं, असं त्यात होतं. तिसऱ्यांदा मुलांचा विचार कसा पायरी-पायरीने वाढतो ते. आणि चौथ्यांदा आयुष्याच्या आठ पायऱ्या, दर पायरीवर एक भांडण, ते मिटवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटच्या पायरीवर म्हातारं माणूस मागे वळून बघतं आणि म्हणतं, झालं ते ठीक झालं. किंवा म्हणत नाही. ते पान मी केलं तेव्हा एकतीस वर्षांची होते. दोन चुका पडल्या म्हणून पान फाडून पुन्हा केलं, एवढंच त्याचं आठवतं.

सिद्धांत बाहेरच्या मोठमोठ्या माणसांचे. आमचे सर नि मॅडम त्यांवरून व्याख्यानं तयार करत आणि मी तीन कार्बन घालून टाईप करत असे. टाईप करणाऱ्याने अर्थाकडे लक्ष द्यायचं नसतं, दिलं की चुका होतात. माझी चूक झाली ती अशीच.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात मी चोविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा दोन गोष्टी लपवल्या होत्या. एक, मी नऊ महिने क्षयाच्या रुग्णालयात काढून आले होते. कळलं असतं तर मला टेबल सोडा, पाण्याचा पेलाही कुणी दिला नसता. आणि दुसरी, मला मुलगी होती.

तिचे वडील ती पोटात असतानाच अपघातात गेले. ती दीड महिन्याची झाली आणि मला खोकल्यातून रक्त पडलं. बाळाला जवळ घ्यायची सक्त मनाई. ताईच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती आली, बाळाची दुपटी, बाटल्या, सगळं एका पिशवीत भरलं आणि म्हणाली, "तू बरी होऊन ये. तोवर ही माझ्याकडे. बरी झालीस की तुझी तुला."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या खाटा ओळीने असत. मी तिथे पडून महिने मोजत असे. आता मान धरत असेल. आता पालथी पडत असेल. आता बसत असेल. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, "अगं, ती इकडे तुझी वाट बघत नाही, तूच बघतेस. झोप आता." तिचं खरं होतं.

सुटले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी छातीचा आणखी एक फोटो काढा, स्वच्छ निघाला की मूल न्या. ताईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मी एक खोली घेतली, नोकरी धरली. दर रविवारी ताईकडे जायचे आणि तोंडावर रुमाल धरून दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. छोटी (तिला सगळे छोटी म्हणत, अजूनही म्हणतात, आता ती बावन्न वर्षांची आहे) लांबून माझ्याकडे बघायची आणि ताईच्या पदरात तोंड घालायची. भावजी घड्याळं दुरुस्त करत. ते एका डोळ्याला भिंग लावूनच म्हणायचे, "होईल सवय. तुम्ही तो रुमाल काढलात की होईल."

त्याच आठवड्यांत मी मॅडमचं व्याख्यान टाईप करत होते. पहिलं वर्ष. एक माणूस. पकड. तुटली तर. दर वाक्याच्या तीन प्रती, म्हणजे माझ्या हाताखालून ते वाक्य चारदा उमटलं.

मॅडमची एक खोली होती. तिच्या एका भिंतीत असा आरसा, की आतून आरसा दिसायचा आणि पलीकडून काच. आत दोन खुर्च्या, कोपऱ्यात खेळणी, फरशीवर खडूचे चौकोन. आई आणि वर्षाचं मूल आत जायचं. तीन मिनिटांनी एक परकी बाई आत यायची. ती एक मिनिट गप्प बसायची, एक मिनिट आईशी बोलायची, मग मुलाजवळ जायची. तेवढ्यात आई उठून बाहेर. मग आई परत. मग दोघीही बाहेर, मूल एकटं. मग पुन्हा आधी परकी बाई, शेवटी आई. मूल केव्हा रडतं, कुणापाशी गप्प होतं, ते काचेपलीकडून दर पंधरा सेकंदांनी लिहायचं. परकी बाई व्हायची ती वसतिगृहातली एक विद्यार्थिनी. नियम एकच, मुलाने तिला आधी पाहिलेलं नसावं.

फोटो स्वच्छ निघाला त्याच आठवड्यात मॅडमनी दुसऱ्या विभागाचा सिनेमाचा कॅमेरा एका दिवसापुरता मागून आणला आणि त्यांना वर्षाचं मूल मिळेना. मी म्हणाले, "माझ्या बहिणीची मुलगी आहे."

रविवारी ताईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"परीक्षा माझी का तुझी?" ताईने विचारलं.

"छोटीची."

"बारा महिन्यांच्या पोरीची परीक्षा घेणार. उद्या पोटातल्यांची घ्याल." तिने दोन-तीन घड्या घातल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय कळत नाही का? तुला बघायचंय ती कुणाकडे येते. बघ. परीक्षा संपली की रुमाल काढून हात पुढे कर, आली तुझ्याकडे, तर तिथूनच घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही. कपडे पाठवून देईन."

असं ती म्हणाली. माझी बहीण अशी होती.

त्या दिवशी वसतिगृहातली विद्यार्थिनी आली नाही, तिची तोंडी परीक्षा निघाली. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही नात्यातल्या, तुम्ही चालणार नाही." मी म्हणाले, "बहिणीकडे माझं जाणं-येणं नसतं. मूल मला ओळखत नाही." दुपारी कॅमेरा परत द्यायचा होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

मी दार उघडून आत गेले. छोटी फरशीवर लाकडी ठोकळे घेऊन बसली होती. मी खुर्चीत बसले, एक मिनिट गप्प. तोंडावर रुमाल नव्हता. मग बोलायचं मिनिट सुरू झालं. दोघी सख्ख्या बहिणींनी परक्यासारखं बोलायचं. ताईच्या ओठांच्या कडा हलत होत्या, तिला हसू आवरत नव्हतं.

"किती महिन्यांची?" मी विचारलं.

"बारा, बाई." मग तिचं हसू गेलं. तिने हात मांडीवर ठेवले आणि हळू, नीट सांगायला लागली. "झोपताना उजव्या कुशीवर ठेवावं लागतं. कानाची पाळी धरून झोपते, स्वतःची नाही, दुसऱ्याची. दूध फार गरम चालत नाही. अंघोळीला रडते, पण डोक्यावर पाणी घातलं की गप्प होते. दात येतायत, म्हणून चावते, तर रागावायचं नाही."

काचेपलीकडे मॅडमना वाटलं असेल, काय बोलकी आई आहे. मला कळत होतं, ती मला मूल सोपवत होती.

घंटा झाली. मी उठून छोटीजवळ जाऊन बसले. ताई दाराबाहेर गेली. दार लागल्याचा आवाज झाला तशी छोटीने मान वळवली. खुर्ची पाहिली. मला पाहिलं. आणि खालचा ओठ बाहेर काढला. मी ठोकळा पुढे केला, चेंडू लोटला, तिला हाक मारली. ती रांगत दाराशी गेली आणि तळव्याने दार बडवायला लागली. मी उचललं. ती ताठ झाली, लाकडासारखी. पाठीची कमान करून माझ्या छातीवर दोन्ही हात दाबून तिने मला लांब ढकललं. तिच्या हातांत किती जोर होता ते मला अजून आठवतं. कारण एवढ्या महिन्यांनी तिने मला लावलेला तो पहिला हात होता.

ताई आत आली. छोटी तिच्या खांद्यावर गेली आणि गप्प झाली. चार सेकंद लागले, असं पुढे कागदावर होतं. तिने ताईच्या कानाची पाळी धरली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या चित्राकडे बघावं तसं.

मग तेच सगळं दुसऱ्यांदा. नियम होता.

"इतकं स्वच्छ आजवर मिळालं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मीच ते टाईप केलं. 'परक्या व्यक्तीकडून सांत्वन स्वीकारले नाही.' तीन प्रती. खाली एक रकाना होता, परक्या व्यक्तीचा मुलाशी पूर्वपरिचय किंवा नाते. त्यात 'नाही' टाईप केलं.

ताई बाहेर पायऱ्यांवर थांबली होती. छोटी खांद्यावर झोपून गेलेली.

"असं करू," ताई म्हणाली, "तू आमच्याकडे राहायला ये महिनाभर. होईल तुझी."

"नको, सिद्ध झालंय."

"काय सिद्ध झालंय? रडली ती. पोरं रडतात."

"तुला नाही कळायचं. तू ते वाचलेलं नाहीस, ताई. मी टाईप केलंय. आता तिला तुझ्यापासून काढली, तर ती जन्मभर कुणाचीच होणार नाही."

ताई सातवीपर्यंत शिकलेली, मी नोकरी करणारी, मोठ्या लोकांत वावरणारी. तिने माझं ऐकलं. आणि तिलाही ती हवी होती, हेही खरंच आहे. त्याबद्दल मी तिला कधी बोल लावला नाही.

मी मावशी झाले.

मॅडमनी त्या मुलांचा पाठपुरावा ठेवला होता. दर काही वर्षांनी त्यांना विभागात बोलवत. छोटी पाचव्या वर्षी आली तेव्हा मॅडमनी मलाच पाणी ओतायला बसवलं. दोन सारखे पेले, मग एकातलं पाणी उंच नळकांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? त्या वयाची मुलं उंचाकडे बोट दाखवतात. छोटी म्हणाली, "उंचात जास्त." मग माझ्याकडे बघून, "मावशी, तूच तर ओतलंस. तुला माहीत नाही?" मॅडम हसल्या. मीही हसले आणि कागदावर 'पायरी अजून गाठलेली नाही' लिहिलं.

ती अकरा वर्षांची झाल्यावर ताईने तिला सांगितलं. आपणहून, एका दुपारी, केस विंचरता विंचरता. मावशीच्या पोटची आहेस. मावशी आजारी होती, मग तू माझी झालीस. छोटीने त्यावर काहीच विचारलं नाही म्हणे. रविवारी मी गेले तर नेहमीसारखी "मावशी" म्हणाली. मी हातात पिशवी घेऊन उभी. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं होईल. काय, ते आता सांगता येणार नाही.

चौदाव्या वर्षी सगळ्या मुलांना एक कागद दिला. 'मी' पासून सुरू होणारी वीस वाक्यं लिहा. या वयात मूल स्वतःला शोधत असतं, त्यासाठी. कागदांवर नावं नसत, आकडे असत, पण मला तिचं अक्षर कळणार नाही? मी उंच आहे. मी गणितात बरी आहे. मी आईसारखी हसते. आणि सतरावं, 'मी माझ्या जन्माच्या आईला नको होते.'

ते मी टाईप केलं. एकही चूक केली नाही.

तिला काही सांगता आलं नाही. मुलांनी लिहिलेलं बाहेर न्यायचं नाही, त्यावर मुलाशी बोलायचं नाही, ही मॅडमची सक्त ताकीद होती. तिने ते विभागाला लिहिलं होतं, मला नाही. आणि सांगायचं म्हटलं तर काय? मी तुला न्यायला आले होते, पण तू परीक्षेत मला नापास केलंस? हे एका चौदा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात घालायचं? पुढे ती दातांची डॉक्टर झाली, लहान मुलांची. तिचं लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून लांब गेला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगू. मग ताईकडे बघितलं की तोंड मिटायचं. ताई गेल्या वर्षी गेली. शेवटचे चार महिने छोटीने तिचं सगळं केलं.

गेल्या आठवड्यात विभागातून फोन आला. तिथे आता एक संशोधक मुलगी आहे, जुन्या फिल्मा संगणकावर घेते. "आजी, त्या काळातल्या तुम्हीच उरलाय. चेहरे ओळखून द्याल का?" मी गेले. खोली तीच, आरसा काढलेला. तिने एकेक फिल्म लावली आणि मी सांगत गेले. मग ती लागली. आवाज नाही, नुसतं चित्र. ती म्हणाली, "ही परकी बाई जरा विचित्रच वागते. चेहरा बघा. हिला नियम समजावले नव्हते का?"

"समजावले होते," मी म्हणाले.

मग मी तिला विचारलं. पन्नास वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं. अशा मुलाला काढून दुसरीकडे नेलं असतं, तर?

"म्हणजे प्रेमाच्या माणसाकडे?" ती संगणकात बघतच म्हणाली. "काही नाही. काही आठवडे रडलं असतं, मग रुळलं असतं. मूल एकालाच धरतं असं तेव्हा मानत. आता नाही मानत कुणी. मुलं दोघा-तिघांना धरतात. आणि पहिल्या ओळखीचं माणूस जवळपास असेल तर प्रश्नच नाही. दोन गल्ल्यांवर असतं ना समजा, दोन्ही घरं तिचीच झाली असती."

दोन गल्ल्या हा तिने नुसता दाखला म्हणून घेतला होता.

फिल्म जतन करायची तर त्या मुलाची, म्हणजे आताच्या मोठ्या माणसाची, पाहून सही लागते. मी छोटीला घेऊन गेले. तीन दिवस वाक्य जुळवत होते. गाडीत ती म्हणाली, "तू का एवढी घामाघूम? सही मला करायचीय."

पडद्यावर ताई आली. पंचविशी उलटलेली, अंबाडा, हसू दाबत असलेली. छोटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गेलेलं माणूस असं चालताना, बसताना पाहायला मिळणं सोपं नाही. ती पूर्ण वेळ रडत होती. मी शेजारी बसून होते. फिल्म संपली. मला वाटलं, आता नको. हे आज ताईचं आहे.

तिने नाक पुसलं. "आई काय सांगत होती एवढं?"

"तू कशी झोपतेस ते."

"कुणाला?"

"मला."

"तुला का?"

मग सांगितलं. जुळवलेलं काहीच आठवलं नाही, जसं आलं तसं. फोटो स्वच्छ निघाला होता. मी तुला न्यायला आले होते. ताई द्यायला तयार होती. तू मला ढकललंस आणि मी ते शेवटचं समजले. मी तेव्हा मॅडमचं व्याख्यान टाईप करत होते. तू मला नको नव्हतीस, छोटी. एक दिवसही नाही.

संशोधक मुलगी उठून उगाच खिडकीपाशी गेली.

छोटी आपल्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "मावशी, माझ्या खुर्चीत रोज दहा मुलं रडतात. मला ढकलतात, चावतात. मी म्हणून निघून जाते का?"

"नाही."

"मग न्यायचं होतंस."

"हो."

"रडले असते मी. आठ दिवस रडले असते, फार तर पंधरा."

"हो," मी म्हणाले.

"एका व्याख्यानावरून." ती हसल्यासारखं करत होती, पण ते हसू नव्हतं. "निदान दुसरं येईपर्यंत तरी थांबायचंस."

तिने पर्स उघडली, पेन काढलं. कागदावर वाकली आणि त्याला जोडलेल्या त्या दिवसाच्या जुन्या पानावर, परक्या व्यक्तीच्या रकान्यापाशी थांबली. तिथे माझ्याच टाईपरायटरवरचं 'नाही' होतं. संशोधक मुलीला तिने विचारलं, "हे चुकीचं आहे. दुरुस्त केलं तर?"

"तर मग ही केस बाद होईल, डॉक्टर. यादीतून जाईल."

"जाऊ दे."

तिने 'नाही' वर आडवी रेघ मारली. वर काय लिहावं यावर ती थांबली. पेन कागदावर टेकलेलं. मी दुसरीकडे बघत होते, टाईप करणाऱ्याची सवय, दुसरा लिहीत असताना बघायचं नाही. तिने शेवटी काहीच लिहिलं नाही. सही केली, पेन मिटलं.

"पुन्हा लावाल का?" ती त्या मुलीला म्हणाली. "सुरुवातीपासून. मघाशी मी आईलाच बघत होते."

मुलीने खिडकीचा पडदा ओढून घेतला. छोटीने खुर्ची पुढे सरकवली आणि चष्मा नाकावर नीट बसवला. पडद्यावर दार उघडलं आणि चोवीस वर्षांची एक बाई आत आली, कुठे बसावं ते न कळल्यासारखी.

"किती बारीक होतीस तू," छोटी म्हणाली.